किशोरवयातील ताणावरची एक ऑनलाइन सेवा: तीन महिन्यांच्या वापरानंतर

मोठी मुलगी पंधराव्या वर्षात आणि धाकटा मुलगा तेराव्या वर्षात असताना आम्ही एका ऑनलाइन मार्गदर्शन-सेवेचे तीन महिन्यांचे सभासदत्व घेतले. किशोरवयीन मुलांचा ताण ओळखायला आणि कमी करायला ही सेवा शिकवते, असे तिच्या जाहिरातीत म्हटले होते. घरात काही मोठे घडले होते असे नाही. शाळेतून आल्यावर दप्तर खाली ठेवायच्या आतच बोलायला लागणारी मुलगी आता ‘ठीक’, ‘माहीत नाही’ आणि ‘काही नाही’ या तीन उत्तरांवर दिवस काढू लागली होती. मुलगा क्षुल्लक कारणावरून चिडत होता आणि तासाभराने काही झालेच नाही अशा थाटात वावरत होता. यातले वयाला धरून असलेले किती आणि काळजी करण्यासारखे किती, हे मला आणि त्यांच्या आईला उमगत नव्हते. सेवा घेण्यामागे एवढाच हेतू होता, आणि या परीक्षणातही मी तिला प्रामुख्याने याच कसोटीवर तपासले आहे.

सेवेचे नाव येथे देत नाही. या प्रकारच्या बऱ्याच सेवांची घडण थोड्याफार फरकाने अशीच असते आणि माझी मुख्य तक्रार त्या घडणीविषयीच आहे. बारा आठवड्यांत बारा पाठ येतात आणि प्रत्येक पाठाची दोन रूपे असतात, एक पालकांसाठी आणि एक मुलांसाठी. मुलांच्या मोबाईलवर मनःस्थितीची रोजची नोंदवही असते, महिन्यातून एकदा दहा प्रश्नांची ताणाची प्रश्नावली भरायची असते, पालकांच्या मोबाईलवर या सगळ्याचा गोषवारा दाखवणारा डॅशबोर्ड असतो, आणि यांखेरीज समुपदेशकाशी लेखी संवाद साधण्याची सोय व दोन व्हिडिओ भेटी मिळतात.

पहिले दोन पाठ शरीराविषयी आहेत आणि ते नेटके आहेत. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडून पीयूष ग्रंथीला संकेत मिळू लागले की वयात येण्याची प्रक्रिया सुरू होते. मुलींमध्ये ती साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वर्षांच्या दरम्यान कधीही सुरू होऊ शकते. जेम्स टॅनर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, वयात येण्याच्या पाच टप्प्यांची ओळखही पाठात करून दिली आहे. पण मला खरा उपयोग झाला तो त्यातून काढलेल्या निष्कर्षाचा. एकाच वर्गातील, एकाच वयाच्या दोन मुलांच्या शरीरात चार-पाच वर्षांचे अंतर असू शकते, आणि मोठी माणसे मात्र समोरच्या मुलाच्या उंचीकडे बघून त्याच्याकडून समंजसपणाची अपेक्षा करतात. लवकर वयात येणाऱ्या मुलींमध्ये नैराश्याचा धोका अधिक आढळतो. भोवतालचे लोक त्यांना त्यांच्या वयापेक्षा मोठे समजून वागवतात, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. उंची झपाट्याने वाढण्याचे वय मुलींमध्ये बाराच्या आणि मुलांमध्ये चौदाच्या आसपास असते. आमच्या मुलाची गणना वर्गातल्या बुटक्या मुलांत होते. त्याने हे पान दोनदा वाचले आणि ‘म्हणजे अजून वेळ आहे’ एवढेच म्हणून मोबाईल परत केला. त्याच्या मनात हा विषय होता, हे आम्हाला त्याच दिवशी कळले.

तिसऱ्या पाठापासून मेंदू सुरू होतो, आणि सोपे करून सांगण्याच्या नादात लेखकांनी येथे गल्लत केली आहे. किशोरवयीन मेंदू म्हणजे इंजिन जोरदार पण ब्रेक न बसवलेली गाडी, हे चित्र पाठात इतक्या वेळा येते की वाचणाऱ्या पालकाच्या डोक्यात तेवढेच उरते. वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची आणि मुलांच्या बाजूची आहे. सहाव्या वर्षापर्यंतच मेंदूचा आकार प्रौढ मेंदूच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो. त्यापुढची वाढ आकारापेक्षा जोडण्यांची असते: वापरात नसलेल्या जोडण्या छाटल्या जातात, उरलेल्या तंतूंवर मायलिनचे आवरण चढते आणि संदेश वेगाने जाऊ लागतात. १९९९ साली मेंदू-संशोधक जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांचे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा एमआरआय काढून हा बदल किशोरवयातही चालू असल्याचे दाखवले, आणि नियोजन व संयम सांभाळणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो, हे आता सर्वमान्य आहे.

परंतु घडत राहणे म्हणजे तोवर निकामी असणे नव्हे. शांतपणे बसून विचार करायला वेळ मिळाला, तर सोळा वर्षांची मुले तर्काच्या कामांत प्रौढांच्या जवळपास पोहोचतात. फरक पडतो तो भावना तापलेल्या असताना आणि मित्र बघत असताना. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांचा २००५ सालचा प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. संगणकावरील गाडी चालवण्याच्या खेळात १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी मित्र शेजारी असताना एकटे असतानापेक्षा कितीतरी अधिक धोके पत्करले, तर २४ वर्षांवरील माणसांना मित्र असण्या-नसण्याने विशेष फरक पडला नाही. या प्रयोगाला पाठात दोन ओळींत उरकले आहे आणि ब्रेक नसलेल्या गाडीचे चित्र मात्र पानभर काढले आहे. त्याचा परिणाम माझ्यावरच झाला. एका संध्याकाळी वादाच्या भरात मी मुलाला म्हणालो, “तुझा मेंदू अजून तयार व्हायचा आहे.” त्यावर तो शांतपणे म्हणाला, “बाबा, मग मार्क कमी पडले की ते पण मेंदूवर ढकलू का?” तर्क करण्याची त्याची क्षमता त्या क्षणी तरी माझ्याहून पक्व होती, हे मान्य करावे लागते.

किशोरवय म्हणजे वादळच, या समजुतीविषयीचा चौथा पाठ मात्र तोलून लिहिलेला आहे. मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅनली हॉल यांनी १९०४ साली या वयाला वादळाचे आणि तणावाचे वय ठरवले. १९९९ साली जेफ्री आर्नेट यांनी उपलब्ध पुरावा तपासून पालकांशी खटके, मनःस्थितीतील चढउतार आणि धोका पत्करण्याची ओढ या तिन्ही गोष्टी या वयात वाढतात हे मान्य केले, पण त्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला येतातच असे नाही, असेही बजावले. ‘हे वयच असे असते’ हे वाक्य काळजी मिटवायला उपयोगी पडते, तसेच खरी अडचण नजरेआड करायलाही उपयोगी पडते, ही सूचना याच पाठाच्या शेवटी आली आहे आणि ती मला महत्त्वाची वाटली.

या सेवेतील सर्वोत्तम भाग म्हणजे झोपेवरचा पाचवा पाठ. मुले रात्री जागतात आणि सकाळी उठत नाहीत याला आम्ही आजवर आळस, मोबाईल आणि शिस्तीचा अभाव ही तीन कारणे देत आलो होतो. मेरी कार्स्केडन यांच्यासारख्या संशोधकांनी अनेक वर्षांच्या कामातून दाखवले आहे की वयात येताना शरीराचे घड्याळच पुढे सरकते. झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते आणि हे सरकणे दोन तासांपर्यंतही असू शकते. दिवसभर जागे राहिल्याने साठत जाणारा झोपेचा दाबही या वयात लहान मुलांपेक्षा सावकाश वाढतो. त्यामुळे रात्री साडेनऊला अंथरुणावर पाठवलेला मुलगा अकरापर्यंत छताकडे बघत पडून राहतो, तेव्हा तो हट्ट करत नसतो. १३ ते १८ या वयात ८ ते १० तासांची झोप लागते असे झोपेच्या तज्ज्ञांचे मत आहे. घड्याळ पुढे सरकलेले आणि शाळा मात्र पहाटेपासून तयारी करायला लावणारी असली की हे गणित जुळत नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली या वयाच्या मुलांच्या शाळा सकाळी ८.३० च्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली. अमेरिकेतील सिॲटल शहरात २०१६ साली माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ वर नेल्यानंतर मुलांची रोजची झोप सरासरी अर्ध्या तासाहून थोडी अधिक वाढली. उशिरा शाळा म्हणजे मुले आणखी उशिरापर्यंत जागणार, हा आक्षेप तेथे खरा ठरला नाही.

पाठ येथे थांबत नाही, म्हणून तो मला आवडला. शाळेची वेळ बदलणे आपल्या हातात नसते हे गृहीत धरून त्यात दोन आठवड्यांचा एक साधा तक्ता दिला आहे: झोपायच्या आधीच्या तासात दिवे मंद करणे, सकाळी उठल्यावर लगेच उजेडात जाणे, सुट्टीच्या दिवशी नेहमीपेक्षा फार उशिरापर्यंत न लोळणे, आणि उजळणीचा अभ्यास रात्रीऐवजी संध्याकाळी आणणे. आम्ही हा तक्ता चौघांनीही पाळला. मुलाचे चिडणे संपले नाही, पण सकाळचे चिडणे जवळजवळ संपले, आणि ज्याला आम्ही स्वभाव म्हणत होतो त्यातला मोठा वाटा अपुऱ्या झोपेचा होता असे मी आता निःशंकपणे म्हणू शकतो.

सहावा ते दहावा हे पाठ ताणाच्या कारणांविषयी आहेत, आणि येथे सेवेच्या लेखकांचे प्राधान्यक्रम उघडे पडतात. मोबाईल आणि समाजमाध्यमे यांना तीन पूर्ण पाठ, परीक्षांना एक, आणि मित्रमंडळ, शरीराविषयीची लाज, भविष्याची चिंता, घरातील भांडणे या सगळ्यांना मिळून एक, अशी ही वाटणी आहे. मोबाईल ही पालकांची सर्वांत आवडती काळजी असल्यामुळे हे झाले असावे. पालकाच्या हातून घडणाऱ्या ताणापेक्षा मुलाच्या हातातल्या वस्तूतून येणाऱ्या ताणाविषयी वाचणे पालकाला सोपे जाते. ऑक्सफर्डमधील दोन संशोधकांनी २०१९ साली किशोरवयीनांच्या मोठ्या सर्वेक्षणांची माहिती तपासली, तेव्हा मुलांच्या मानसिक स्वास्थ्यातील एकूण फरकांपैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी लावता आला. अर्थात सरासरीच्या पोटात बरेच काही दडते. ज्या मुलीची रात्रीची झोप मोबाईल खातो किंवा जिची वर्गाच्या गटात टिंगल होते, तिच्यासाठी ही सरासरी निरुपयोगी आहे. तथापि मोबाईल किती तास वापरला हे मोजण्यापेक्षा त्याने झोप खाल्ली का आणि त्यावर कोणी त्रास देते का, हे दोन प्रश्न विचारणे अधिक कामाचे ठरते, आणि त्यासाठी तीन पाठ लागत नाहीत.

परीक्षेवरच्या पाठात ताण आणि कामगिरी यांचा तो प्रसिद्ध उलट्या वाटीसारखा आलेख आहे: ताण अगदी कमी असला तरी काम बिघडते आणि फार झाला तरीही. कल्पना उपयुक्त आहे. मात्र त्याखाली यर्क्स आणि डॉडसन यांचे नाव व १९०८ हे साल देताना, त्यांचा मूळ प्रयोग विजेचे झटके देऊन उंदरांना दोन पेट्यांतील फरक शिकवण्याविषयी होता, हेही सांगायला हवे होते. परीक्षेला बसलेल्या मुलापर्यंत हा आलेख नंतरच्या लोकांनी आणून पोहोचवला आहे. याउलट शरीरातील ताणाची यंत्रणा, म्हणजे मेंदूकडून मूत्रपिंडावरील ग्रंथींपर्यंत जाणारा संदेश आणि त्यातून स्रवणारे कॉर्टिसॉल, हे मुलांच्या पाठात फार चांगले समजावले आहे. छातीत धडधडणे आणि हात गार पडणे ही शरीराने कामाला लागण्याची चिन्हे आहेत, आपण नापास होणार याचा पुरावा नव्हेत, हे वाक्य मुलीने वहीत उतरवून घेतलेले मी पाहिले.

मित्रमंडळाला जागा कमी मिळाली याची मला सर्वाधिक हळहळ वाटते, कारण जेवढे लिहिले आहे तेवढे नेमके आहे. संगणकावर अनोळखी माणसांशी चेंडू टाकण्याचा खेळ खेळताना काही मिनिटे आपल्याकडे चेंडू आलाच नाही, तरीही माणसाला वगळले गेल्याचे वाईट वाटते, हे प्रयोगांतून वारंवार दिसले आहे. जो खेळ संपला की विसरायचा त्यात हे होत असेल, तर रोज ज्यांच्यासोबत बसायचे त्यांनी वगळल्यावर काय होत असेल, असा प्रश्न पाठ पालकांना विचारतो. त्यानंतर डेव्हिड एल्काइंड यांची १९६७ सालची काल्पनिक प्रेक्षकांची संकल्पना येते. या वयात आपल्याकडे सगळे बघत आहेत असे मुलांना सतत वाटत राहते, आणि म्हणून चेहऱ्यावरची एक पुटकुळी घराबाहेर पडणे अशक्य करून टाकते. ‘कोण बघतंय तुझ्याकडे’ हे माझे नेहमीचे उत्तर किती कुचकामी होते हे मला येथे समजले. येथे माझी एक भर: प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना हे प्रेक्षक पूर्णपणे काल्पनिक आहेत असे म्हणणे आज थोडे धाडसाचे आहे, आणि पाठ नव्याने लिहिताना याचा विचार व्हायला हवा.

घरातील भांडणांना अर्धे पान मिळाले आहे. आईवडिलांमधील न मिटणारे वाद, पैशाची ओढाताण, घरातले आजारपण किंवा भावंडांशी केली जाणारी तुलना ही मुलांच्या ताणाची जुनी आणि ठळक कारणे आहेत. त्यांना अर्ध्या पानात बसवणे हे या अभ्यासक्रमाचे सर्वांत मोठे वैगुण्य आहे.

अकराव्या पाठात श्वसनाचे आणि ध्यानाचे व्यायाम आहेत. ते घाबरलेल्या क्षणी थोडा दिलासा देतात याबद्दल माझा वाद नाही. मुलगी तोंडी परीक्षेच्या आधी दीर्घ श्वास सोडण्याचा व्यायाम करते आणि तिला बरे वाटते. परंतु रोज दहा मिनिटे ध्यान केल्याने प्रत्येक मुलाचा ताण घटेल, असा जो सूर पाठात आहे त्याला आधार तोकडा आहे. ब्रिटनमध्ये ११ ते १४ वर्षांच्या आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, शाळेतील सर्वच मुलांना सजगतेचे प्रशिक्षण दिल्याने नेहमीच्या शिकवणीपेक्षा अधिक फायदा झाल्याचे दिसले नाही, आणि बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही. आमच्या घरातही दुसऱ्या आठवड्यानंतर हा व्यायाम आम्ही दोघे मोठेच करत होतो.

आता नोंदवही आणि डॅशबोर्ड यांच्याकडे वळतो, कारण जाहिरातीत सर्वांत ठळकपणे दाखवले जाते ते हेच. मुलाने रोज पाच चेहऱ्यांपैकी एक निवडायचा, वाटल्यास दोन शब्द लिहायचे, आणि रात्री आठ वाजता पालकांच्या मोबाईलवर हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका उमटतो. लिहिलेले शब्द पालकांना दिसत नाहीत, चेहरा मात्र दिसतो. पहिल्या आठवड्यात मुलीच्या नावापुढे तीन पिवळे आणि एक लाल ठिपका आला. मी प्रत्येक वेळी, माझ्या मते सहज म्हणून, तिच्या खोलीत जाऊन ‘आज काही झालं का’ असे विचारले. दुसऱ्या आठवड्यापासून सगळे ठिपके हिरवे झाले आणि सहा आठवडे हिरवेच राहिले. डॅशबोर्डाने मला अभिनंदनाचा संदेशही पाठवला. सातव्या आठवड्यात बोलता बोलता मुलगी म्हणाली, “बाबा, तू आठ वाजता येतोस ना विचारायला, म्हणून मी साडेसातला हसरा चेहरा टाकून मोकळी होते.”

हा दोष माझा होताच, पण त्या दोषाला आमंत्रण देणारी रचना सेवेची होती. मनःस्थितीच्या नोंदीचे तंत्र संशोधनातून आले आहे. काही दशकांपूर्वी किशोरवयीन मुलांना पेजर देऊन, दिवसातल्या कोणत्याही क्षणी तो वाजला की त्या वेळी काय करत आहात आणि कसे वाटते आहे हे लिहायला सांगत असत, आणि त्यातून मुलांच्या मनःस्थितीतील चढउतारांची विश्वसनीय माहिती मिळाली. ती उत्तरे संशोधकांकडे जात असत, घरच्या माणसांकडे नव्हे. हा फरक क्षुल्लक नाही. स्वीडनमधील १४ वर्षांच्या मुलांच्या अभ्यासावरून हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० साली मांडले की पालकांना मुलांच्या आयुष्याविषयी जे कळते ते प्रामुख्याने मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे कळते, चौकशी आणि देखरेख यांमुळे नव्हे. आपल्यावर नियंत्रण ठेवले जात आहे ही भावना मुलांच्या स्वास्थ्याशी चांगल्या अर्थाने जोडलेली नाही, असेही त्यांना आढळले. गंमत अशी की याच सेवेच्या नवव्या पाठात मुलांच्या खासगीपणाविषयी उत्तम मजकूर आहे. मैत्री, कपडे, आवडीनिवडी आणि मनातले विचार हा मुलांना स्वतःचा वाटणारा प्रांत असतो आणि तेथे मोठ्यांनी विचारल्याशिवाय शिरू नये, असे तो पाठ सांगतो. तो वाचून मी पान मिटले आणि त्याच बोटाने डॅशबोर्ड उघडला.

महिन्याच्या प्रश्नावलीविषयीही हेच म्हणावे लागेल. तिची घडण शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली तयार केलेल्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या मोजपट्टीवरून घेतलेली आहे. गेल्या महिन्यात गोष्टी हाताबाहेर गेल्यासारख्या किती वेळा वाटल्या, अशा स्वरूपाचे दहा प्रश्न आणि ० ते ४० पर्यंतचे गुण. ही मोजपट्टी गटांची तुलना करण्यासाठी आहे. तिच्यावरून निदान करायचे नसते आणि अमुक गुणांच्या वर धोका अशी तिची कोणतीही अधिकृत सीमा नाही. सेवेने मात्र तिलाही तीन रंगांत विभागून टाकले आहे. मुलाला दुसऱ्या महिन्यात २० च्या थोडे वर गुण मिळाले आणि आमच्या पडद्यावर लाल पट्टी आली. चौकशीअंती समजले की त्या आठवड्यात त्याच्या संघाचे तीन सामने होते आणि तो फार खुशीत होता, फक्त त्याला वेळ पुरत नव्हता. आम्ही दोन रात्री नीट झोपलो नाही. झोपेचा पाठ तोपर्यंत झाला होता, हे येथे नमूद करतो.

डॅशबोर्ड बंद करण्याची सोय आहे का, असे मी ग्राहक-कक्षाला लिहून विचारले. पालकांना सर्वाधिक आवडणारी सोय हीच असल्याने ती बंद करता येत नाही, मात्र सूचना थांबवता येतील, असे नम्र उत्तर आले. सूचना मी थांबवल्या. त्यानंतर तीन आठवड्यांनी मुलीच्या नावापुढे पुन्हा पिवळे ठिपके दिसू लागले असावेत. मी पाहिले नाहीत, तिनेच सांगितले.

समुपदेशकाच्या सोयीविषयी मला पूर्ण समाधान आहे. उत्तरे साधारण एका दिवसात येत, ती छापील साच्यातली नसत, आणि पहिल्याच भेटीत समुपदेशक बाईंनी मुलांसमोर गोपनीयतेची मर्यादा स्पष्ट केली: जे सांगाल ते तुमच्या परवानगीशिवाय आईवडिलांना सांगितले जाणार नाही, परंतु तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असे वाटले तर मला मोठ्यांना सांगावे लागेल. आमच्या मूळ प्रश्नाला, म्हणजे नेहमीचे कोणते आणि काळजीचे कोणते, याला सरळ उत्तर त्यांच्याकडूनच मिळाले. एखाद्या दिवसाच्या चिडण्यापेक्षा बदल किती दिवस टिकतो ते बघा, असे त्यांनी सांगितले. उदासी किंवा चिडचिड दोन आठवडे जवळजवळ रोज राहिली, आवडत्या गोष्टींतले लक्ष उडाले, झोप किंवा भूक बदलली, अभ्यास आणि मैत्री एकदमच सुटली, तर वाट न पाहता डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मरणाचा किंवा स्वतःला इजा करण्याचा उल्लेख आला तर त्याच दिवशी. त्याविषयी मुलाला थेट विचारल्याने त्याच्या डोक्यात ती कल्पना शिरत नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार १० ते १९ वयोगटातील दर सात जणांपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक आजार असतो, हे लक्षात घेता ही यादी बाराव्या पाठाच्या शेवटी नव्हे तर पहिल्या पाठाच्या आधी असायला हवी होती. ज्या घरात ही चिन्हे आधीच दिसत आहेत त्यांनी अशा सेवेवर तीन महिने घालवू नयेत.

तांत्रिक बाजूविषयी थोडक्यात: पाठ डाउनलोड करून ठेवता येतात, मुलांच्या पाठातील भाषा उपदेशाची नाही, चलच्चित्रे अकारण लांबवलेली आहेत, आणि पालकांच्या पाठातील प्रश्नमंजूषा इतकी सोपी आहे की न वाचताही पूर्ण गुण मिळतात.

मुदत संपायच्या आधल्या आठवड्यात पुढे काय करायचे असे मी दोघा मुलांना विचारले. मुलाला झोपेचा तक्ता हवा होता. तो कागदावर उतरवून घेतला आहे. मुलीला समुपदेशक बाईंशी लेखी बोलणे चालू ठेवायचे होते, आणि आपण काय लिहितो हे आम्ही विचारायचे नाही, अशी तिची अट होती. ती अट आम्हाला मान्य होती. परंतु समुपदेशनाची सोय डॅशबोर्डाशिवाय वेगळी मिळत नाही असे कळल्यामुळे आम्ही नूतनीकरण केले नाही, आणि मुलीसाठी प्रत्यक्ष भेटता येईल अशा दुसऱ्या समुपदेशकांची वेळ घेतली आहे.